सुकाणूवर कोणीच नाही

मातीचा एक पसरट प्याला, दोन बाजूंना दोन कान, खाली बुटका पाय. व्यास ३०.५ सेंटीमीटर, उंची जेमतेम १३.६. आत वाकून बघितलं की सगळा तळ लालसर केशरी दिसतो आणि त्या लालीवर एक काळं जहाज चाललेलं असतं, शीड पांढरं आणि वाऱ्यानं टम्म फुगलेलं. जहाजात एकच जण आहे, दाढीवाला, डोक्यावर आयव्हीच्या पानांचा मुकुट, हातात पिण्याचं शिंग, आणि तो आरामात कोपरावर रेलून पडलाय. जहाजाच्या मानाने फारच मोठा काढलाय त्याला, उभा राहिला तर जहाज कलंडेल असा. डोलकाठीला वेटाळून द्राक्षाचा वेल वर गेलाय, शिडाच्याही वर जाऊन पसरलाय आणि त्याला घोसच्या घोस लागलेत, मोजून सात. जहाजाभोवती डॉल्फिन पोहतायत, तेही सात.

हा डायोनिसस. ग्रीकांचा वाइनचा देव, वेलींचा, मुखवट्यांचा, नाटकाचा देव. प्याला अथेन्सच्या एक्सेकियास या कुंभार-चित्रकाराचा, इ.स.पू. ५४० ते ५३० च्या सुमाराचा, आणि सध्या मुक्काम म्युनिकच्या क्योनिग्सप्लाट्झवरच्या प्राचीन कलावस्तूंच्या सरकारी म्युझियममध्ये. मी याच शहरात राहते, रविवारी तिथं तिकीट एक युरो असतं, त्यामुळे जाणं होतं. बाकी दालनं मी आता भरभर ओलांडते आणि या काचेपाशी थांबते. शेजारून लोक येतात, फोटो काढतात, पुढे जातात. मला मात्र इथून हलवत नाही आणि त्याचं कारण नेमकं सांगता येईल असं मला वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

कारण म्हणजे त्या जहाजाचं सुकाणू. ग्रीक जहाजांना मागच्या बाजूला दोन मोठी वल्ह्यांसारखी सुकाणं असायची, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि एक माणूस ती धरून बसायचा. एक्सेकियासने ती सुकाणं काढलीयेत, व्यवस्थित काढलीयेत. पण धरायला कोणीच नाही. माझं आजोळ हर्णैचं, मामा मच्छीमारी बोटीवर तांडेल होता, आणि लहानपणी बंदरावर उभं राहून येणाऱ्या बोटी ओळखायच्या तर आधी सुकाणूवर कोण बसलंय ते बघायचं ही आमची सवय. मामा म्हणायचा, जाळं राहिलं तरी चालेल, सुकाणूवरचा माणूस उठता कामा नये. त्यामुळे कुठल्याही चित्रातलं जहाज दिसलं की माझी नजर आपोआप मागच्या टोकाला जाते. इथे वारा भरलेला आहे, शीड ताणलेलं आहे, म्हणजे जहाज चांगलं वेगात आहे, आणि जो एकटा आत आहे तो समोर पाय पसरून पडलाय. मागचं टोक रिकामं.

आता गोष्ट सांगते, म्हणजे हे रिकामं असणं किती विचित्र आहे ते कळेल. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावाने चालत आलेली काही स्तोत्रं आहेत, त्यातलं सातवं डायोनिससचं, छोटंसं, ५९ ओळींचं. देव समुद्रकाठी उभा आहे, कोवळ्या तरुणाच्या रूपात, खांद्यावर जांभळं वस्त्र, लांब काळे केस. तिरेनियन चाचे त्याला बघतात, त्यांना वाटतं हा कुठला तरी राजपुत्र, याला उचलला तर भरपूर खंडणी मिळेल. उचलून जहाजात टाकतात, बांधायला जातात तर बंध आपोआप गळून पडतात आणि तो नुसता हसत बसून राहतो. इथे सुकाणूवाला एकदम सावध होतो. तो ओरडून सांगतो, अरे वेड्यांनो, हा माणूस नाही, हा कुठला तरी देव आहे, याला आत्ताच्या आत्ता किनाऱ्यावर सोडा. कप्तान त्यालाच झापतो, तू वाऱ्याकडे बघ आणि शीड ओढ, याचं काय करायचं ते आम्ही बघू. मग सुरू होतं. जहाजातून वाइन वाहायला लागते, सुगंध सुटतो, शिडावर वेल पसरतो, डोलकाठीवर आयव्ही चढते, देवाचा सिंह होतो, मध्ये एक अस्वल उभं राहतं. चाचे घाबरून मागे धावतात, कुणाकडे तर सुकाणूवाल्याकडे, कारण तोच एक शहाणा. सिंह कप्तानाला धरतो आणि बाकीचे पटापट समुद्रात उड्या टाकतात आणि त्यांचे डॉल्फिन होतात. सुकाणूवाल्याला मात्र देव थांबवतो, घाबरू नकोस म्हणतो, आणि आपण कोण ते सांगतो.

म्हणजे गोष्टीत जहाजावर शेवटी उरतात दोघं, देव आणि तो ओळखणारा माणूस. एक्सेकियासने देव ठेवला आणि माणूस काढून टाकला. विसरला असेल असं मला अजिबात वाटत नाही, एक्सेकियास विसरणारा कारागीर नव्हता. व्हॅटिकनमध्ये त्याचा एक मोठा अॅम्फोरा, म्हणजे दोन कानांचा रांजण आहे, त्यावर अकिलीस आणि एजॅक्स हे ग्रीक वीर पटावर वाकून खेळतायत, ट्रॉयचं युद्ध बाजूला राहिलंय, आणि त्यांच्या तोंडापाशी आकडे लिहिलेत, एकाच्या चार, दुसऱ्याच्या तीन. झग्यांवरची नक्षी अशी कोरलीय की डोळे दुखावेत. फ्रान्समधल्या बूलोन्य-सुर-मेर गावी दुसरा अॅम्फोरा आहे, त्यावर एजॅक्स आत्महत्या करणार आहे. दुसऱ्या चित्रकारांनी एजॅक्स तलवारीवर पडलेला दाखवला, याने तो गुडघे दुमडून बसलेला दाखवलाय, तलवार मातीत नीट उभी राहावी म्हणून मूठ पुरून भोवतीची माती हाताने दाबतोय. केवढं शांत आणि केवढं भयंकर. तर हा माणूस घटनेच्या अलीकडे किंवा पलीकडे जाऊन उभा राहतो आणि मधलं सगळं बघणाऱ्यावर सोडतो, कारण बघणाऱ्याला गोष्ट माहितीय याची त्याला खात्री आहे.

प्याल्यातही तेच. किंकाळ्या संपल्यात, सिंह गेला, अस्वल गेलं, बंध तर कधीच गळाले. सात चाचे आता मस्त पोहतायत, जहाजाच्या वर, खाली, पुढे, मागे. समुद्र काढलेलाच नाही, एकही लाट नाही, क्षितिजाची रेघ नाही, तोच लाल रंग पाणीही आहे आणि आकाशही. होमर समुद्राला वाइनच्या रंगाचा म्हणतो, आणि इथे तर खरोखर वाइन भरायची होती.

हे म्युझियममध्ये कळत नाही, ते मनात उभं करावं लागतं. हे भिंतीवर टांगायचं चित्र नव्हे. ग्रीकांचं सिम्पोझियम म्हणजे पुरुषांची पिण्याची बैठक, भिंतीलगत कोच मांडलेले, त्यावर डाव्या कोपरावर रेलून सगळे पडलेले, मध्ये मोठ्या भांड्यात वाइनमध्ये पाणी मिसळलेलं, कारण निव्वळ वाइन पिणं हे त्यांना रानटीपणाचं वाटायचं. असा प्याला भरून हातात आला की चित्र दिसतच नाही, गडद वाइन दिसते फक्त. पिता पिता पातळी उतरते, कडेने डॉल्फिन वर येतात, मग वेलाचे घोस, मग शीड, आणि शेवटी तळातून देव येतो, अगदी तुमच्यासारखाच कोपरावर रेललेला. प्याला जरा जरी कलला तरी आतली वाइन हलते आणि जहाज डुलतं. हे लक्षात आलं तेव्हा मला सुकाणूचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. हा माझा अंदाज आहे, कुठल्या पुरातत्त्ववाल्याचा मी आधार घेत नाहीये, पण मला तो पटतो. ते जहाज चालवणारा माणूस प्याल्याच्या बाहेर आहे. दोन कान त्याच्या हातात आहेत. सुकाणूवाल्याची जागा एक्सेकियासने पिणाऱ्यासाठी सोडली.

आणि ती जागा सोपी नाही. पिणाऱ्यासमोर दोन्ही रस्ते खुले आहेत, देवाला ओळखून मापात राहायचं, नाहीतर शुद्ध हरपून पाण्यात उडी टाकायची. ग्रीक लोक स्वतःच पिण्याच्या बैठकीला जहाजाशी जोडायचे. सिसिलीतल्या अक्रागासची एक गोष्ट जुन्या लेखकांनी सांगितलीय, तिथं एका घराला लोक 'ट्रायरीम' म्हणजे युद्धनौका म्हणायचे, कारण काही तरुण तिथं इतके प्यायले की त्यांना वाटलं आपण समुद्रात वादळात सापडलोय, आणि जहाज हलकं करायला म्हणून त्यांनी घरातलं सामान बाहेर फेकलं, लोक गोळा होऊन ते पळवायला लागले तरी यांचं चालूच. दुसऱ्या दिवशी अधिकारी आले तर ते अजून त्याच समुद्रात होते.

प्याला तोंडाला लावून वर केला की समोरच्यांना वेगळंच काही दिसायचं. बाहेरच्या बाजूने दोन मोठे टपोरे डोळे काढलेत, दोन्ही अंगांना. पिणाऱ्याचा चेहरा झाकला जातो आणि त्या जागी मुखवटा येतो, डोळे चित्रातले, कान प्याल्याचे, आणि पायाचं गोल भोक म्हणजे उघडं तोंड. मुखवट्याचा देव पोटात घेऊन हे भांडं स्वतःच मुखवटा बनतं. अशा डोळेवाल्या प्याल्यांची पुढे अथेन्समध्ये लाटच आली, आणि हा त्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. मला राहून राहून वाटतं की त्याच काळात, परंपरा सांगते इ.स.पू. ५३४ च्या सुमारास, त्याच शहरात डायोनिससच्या उत्सवात थेस्पिस नावाच्या नटाने पहिली ट्रॅजेडी, म्हणजे शोकांतिका, सादर केली. एकाच पिढीने मातीत आणि रंगमंचावर एकाच देवाचा मुखवटा घडवला.

कानांच्या आजूबाजूला मात्र लढाई आहे. मेलेला योद्धा खाली पडलाय आणि त्याच्या देहासाठी दोन्हीकडचे भाले रोखून उभे आहेत, दोन्ही कानांशी असंच. बाहेर मरण, आत हा निवांत देव, आणि प्याला उचलायचा तर बोटं नेमकी त्या मेलेल्यांच्या जवळ जाणार. एवढं सगळं एका भांड्यात मावलंय आणि तरी ते भांडं भरल्यासारखं वाटत नाही, जागाच जागा आहे त्यात.

आता जरा भट्टीकडे येते, कारण हे सगळं घडवलं कसं हे समजलं की आदर दुप्पट होतो. काळा रंग हा रंग नाहीच. अथेन्सच्या मातीत लोह भरपूर. तीच माती पाण्यात कालवून, जड कण खाली बसू देऊन, वरचा अतिशय बारीक गाळ घ्यायचा, तो चित्र काढायचं द्रव्य. काढताना तो भांड्याच्या मातीपेक्षा जेमतेम गडद दिसतो, म्हणजे चित्रकार जवळपास अंदाजाने काम करतो. मग टोकदार हत्याराने त्या थरातून रेघा कोरायच्या, दाढीचे केस, कपड्याच्या कडा, द्राक्षाचे मणी. आणि मग एकच भाजणी पण तीन टप्प्यांत. आधी भट्टीत हवा खेळती, सगळं लाल. मग हवा बंद, ओलं लाकूड टाकून धूर कोंडायचा, उष्णता ९०० अंशांच्या आसपास, सगळं काळं. या टप्प्यात तो बारीक गाळ वितळल्यागत होऊन काचेसारखा बंद होतो. शेवटी परत हवा सोडायची, भांड्याची उघडी माती श्वास घेते आणि पुन्हा लाल होते, पण बंद झालेल्या थरात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो आणि चमकतो. एक टप्पा नको तेवढा लांबला की सगळं बिघडणार आणि थर्मामीटर नाही, भट्टीला डोळा लावून ज्वाळेचा रंग बघायचा. ही युक्ती पुढे विसरली गेली आणि थिओडोर शूमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ती पुन्हा उलगडून दाखवली.

(आपल्या विदर्भातल्या महापाषाणकालीन दफनांत, माहूरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी, जी काळी-तांबडी भांडी निघतात, त्यांचा काळेपणाही हवा कोंडल्यामुळेच येतो, आणि तीही मेलेल्यांबरोबर पुरलेली. नागपूरकडच्या त्या कुंभारांना अथेन्सचा पत्ता नव्हता, पण भट्टी कधी गुदमरवायची हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.)

प्याल्याच्या आतला तो लाल मात्र आणखी वेगळा आहे. ती नुसती उघडी माती नाही, तो मुद्दाम दिलेला चमकदार लाल थर आहे, त्याला कोरल रेड म्हणतात, आणि काळ्याच्या शेजारी तो लाल राखणं फार अवघड, शिवाय तो पुढे पोपडे धरून उडतोही. अथेन्समध्ये याचा असा वापर करणाऱ्या पहिल्या लोकांत एक्सेकियास आहे. साध्या मातीचा केशरी रंग फुकट मिळत असताना त्याने हा धोका घेतला, कारण त्याला त्या जहाजाखाली समुद्र हवा होता. पायाच्या कडेवर त्याने सही केलीय, एक्सेकियासने बनवलं. मला ती सही बघून दर वेळी बरं वाटतं, आपल्याकडच्या कितीतरी थोर कुंभारांची, पाथरवटांची नावं गेलीच की.

अभ्यासकांमध्ये एक वाद आहे तो सांगायला हवा. काहींचं म्हणणं, ही चाच्यांची गोष्ट नव्हेच, हा देव वसंतात समुद्रावरून अथेन्सला येतोय, अँथेस्टेरिया सणाला, जेव्हा नव्या वाइनचे रांजण उघडले जायचे. पुरावा म्हणून ते दुसऱ्या काही अथेनी भांड्यांकडे बोट दाखवतात, त्यांवर डायोनिसस चाकांवरच्या जहाजात बसून मिरवणुकीत चाललाय. वाद मला आवडला पण मी चाच्यांच्या बाजूची आहे. डॉल्फिन ग्रीक चित्रांत समुद्र दाखवायला सर्रास येतात हे खरं, पण वेल डोलकाठीवर चढलाय आणि जहाजावर खलाशी एकही नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर स्तोत्र न आठवणं कठीण आहे. फार तर असं म्हणेन की दोन्ही खरं असू शकतं, देव त्याच जहाजातून पुढे अथेन्सलाच आला असेल.

सगळ्यात जास्त मला जे छळतं ते पुढे आहे. हा प्याला अथेन्समध्ये सापडला नाही. तो सापडला इटलीत, व्हुल्ची नावाच्या प्राचीन शहराच्या कबरींमध्ये. १८२८ मध्ये तिथं नांगरताना बैल एका कबरीच्या छतातून आत कोसळला आणि मग नेपोलियनचा भाऊ ल्युसियन बोनापार्ट, जो तिथला जमीनदार होता, त्याने खोदकाम लावलं, हजारो भांडी निघाली, युरोपभर विकली गेली. जॉर्ज डेनिस नावाच्या इंग्रजाने तिथं डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलंय, चित्र नसलेली साधी मडकी सापडली की मुकादमाच्या हुकमाने जागच्या जागी पायाखाली फोडली जायची. ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. या लुटालुटीतून वाचून आपला प्याला १८४१ मध्ये बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्या संग्रहात आला.

आणि व्हुल्ची कोणाचं शहर? एट्रस्कन लोकांचं. ग्रीक ज्यांना तिरेनियन म्हणायचे, तेच हे लोक. स्तोत्रातले चाचे! म्हणजे ज्या गोष्टीत तिरेनियन लोक देवाला ओळखत नाहीत आणि डॉल्फिन होऊन जातात, ती गोष्ट पोटात घेऊन हा प्याला जहाजाने समुद्र ओलांडून त्याच लोकांकडे गेला, त्यांनी किंमत मोजून तो घेतला आणि मरताना सोबत ठेवला. व्यापाऱ्याने तो विकताना काही सांगितलं असेल का, घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल, मी याचा खूप विचार केलाय. एट्रस्कन मेजवानीत बायकाही नवऱ्याशेजारी कोचावर रेलायच्या, अथेन्समध्ये घरच्या बायकांना ते दार बंद होतं. म्हणजे अथेन्सच्या कुठल्या गृहिणीला जे दिसलं नसतं ते, वाइन उतरताना तळातून वर येणारं जहाज, व्हुल्चीतल्या एखाद्या बाईने बघितलेलं असू शकतं. मला हे आवडतं.

त्यांना गोष्ट कळत नव्हती असंही नाही. त्यांच्याकडेही हा देव होता, फुफ्लुन्स नावाचा. आणि इ.स.पू. ५१० ते ५०० च्या सुमाराचं एका एट्रस्कन चित्रकाराचं पाण्याचं भांडं आहे, बरीच वर्षं अमेरिकेत टोलेडोच्या म्युझियममध्ये होतं, चोरून बाहेर गेलेलं निघालं म्हणून नंतर इटलीला परत गेलं. त्यावर चाचे डोकं खाली करून पाण्यात सूर मारतायत, वरचं अंग डॉल्फिन झालंय आणि पाय अजून माणसाचे. तिथं तो बदल अर्ध्यावर धरलाय, शरीर हातातून निसटतानाचा. अथेन्सच्या माणसाने सगळं संपल्यावरची शांतता काढली, आणि ज्यांच्या पूर्वजांवर ती गोष्ट रचली होती त्यांच्यातल्या एकाने बुडतानाचं काढलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा, एक वरून बघितलंय आणि दुसरं पाण्यातून.

डायोनिससच्या सगळ्याच गोष्टी अशा आहेत, तो अनोळखी होऊन दारात येतो आणि मग बघायचं, कोण ओळखतं. थीब्जच्या पेन्थियस राजाने ओळखलं नाही, त्याची स्वतःच्या आईच्या हातून चिरफाड झाली. अथेन्सभोवतीच्या अटिका प्रांतातल्या इकारियसने पाहुणा म्हणून प्रेमाने घरात घेतलं, त्याला देवाने वाइन दिली, त्याने ती मेंढपाळांना पाजली, त्यांनी पाणी न घालता प्यायली, डोकं गरगरल्यावर वाटलं याने विष घातलं, आणि त्यांनी त्यालाच मारलं. म्हणजे ओळखून स्वागत केलं तरी सुटका होईलच असं नाही. ओळखलं आणि जगलाही, असा तो सुकाणूवाला. आणि नेमका त्यालाच एक्सेकियास चित्रात घेत नाही.

कधी म्युनिकला आलात तर रविवारी जा. समोरच ग्लिप्टोथेक आहे, तिथले पुतळे भव्य आहेत आणि लोक आधी तिकडेच जातात, पण तुम्ही आधी हा प्याला बघा, डोळे ताजे असताना. आतलं जहाज बघून झालं की काचेला वळसा घाला, गुडघे वाकवून प्याल्याच्या उंचीला या, बाहेरचे डोळे समोरासमोर बघा आणि पायाच्या कडेवरची अक्षरं शोधा. लाल थर जिथं जिथं झिजलाय आणि सांधे जिथं जोडलेत तेही बघा. आणि मग परत वरून, जहाजाच्या मागच्या टोकाकडे.